किनारी लाटांचे ध्वनिकीय मापन

समुद्रतळावर बसवलेल्या उपकरणातून पृष्ठभागाकडे ध्वनीचे स्पंद सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून लाटांची उंची, आवर्तकाल (एका शिखरानंतर पुढचे शिखर येईपर्यंतचा वेळ) आणि दिशा ठरवण्याच्या पद्धतीला लाटांचे ध्वनिकीय मापन म्हणतात. बंदरात जहाज आत घेताना, लाटरोधक भिंतीचे काम चालू असताना किंवा किनाऱ्याची धूप अभ्यासताना लाटांची नोंद तत्काळ हाती यावी लागते आणि त्यासाठी ही पद्धत वापरली जाते. पृष्ठभागावर तरंगणारा बोया हेच काम प्रवेगमापकाने करतो. मात्र जहाजाची धडक आणि वादळाचा मारा त्यालाच सोसावा लागतो, तर तळावरचे उपकरण यांपासून बरेच सुरक्षित राहते.

तळावरून लाट मोजण्याचा जुना मार्ग दाबमापकाचा आहे. त्याची मर्यादा अशी की, लाटेमुळे होणारा दाबातील चढउतार खोलीबरोबर झपाट्याने विरतो आणि लाट जितकी आखूड तितका तो लवकर विरतो. २० मीटर खोल पाण्यात १० सेकंद आवर्तकालाच्या लाटेचा सुमारे ६३ टक्के दाबसंकेत तळापर्यंत पोहोचतो, पण ४ सेकंदांच्या लाटेचा जेमतेम १.३ टक्के उरतो. एवढ्या क्षीण संकेतावरून गणिताने मूळ उंची काढू गेल्यास उपकरणातील गोंगाटही त्याच पटीने वाढतो, म्हणून स्थानिक वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटा दाबमापकाच्या नोंदीतून जवळजवळ निसटतातच.

ध्वनीला ही अडचण येत नाही, कारण तो थेट पृष्ठभागापर्यंत जाऊन परत येतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. उभ्या शलाकेतून, म्हणजे ध्वनीच्या अरुंद झोतातून, सोडलेला स्पंद २० मीटर वरच्या पृष्ठभागावर आपटून सुमारे २७ मिलिसेकंदांत परततो. लाटेचे शिखर डोक्यावर आले आणि पाणी १ मीटरने चढले, तर हाच प्रवास सव्वा मिलिसेकंदाहून थोडा अधिक लांबतो. सेकंदातून दोन-चार वेळा घेतलेल्या अशा मोजणीतून पृष्ठभागाच्या हालचालीची आकृतीच उमटते. उंचीसाठी हीच मोजणी सर्वांत भरवशाची मानावी, कारण तीत गणिताने परत मिळवावे लागणारे फारसे काही नसते. पाण्याच्या तापमानाचा वा क्षारतेचा अंदाज चुकून ध्वनिवेगात १ टक्का चूक झाली, तरी २ मीटर उंचीच्या लाटेत फरक पडतो तो केवळ २ सेंटिमीटरचा.

दिशा मात्र एका उभ्या शलाकेतून कळत नाही. त्यासाठी उभ्या रेषेशी २० ते २५ अंशांचा कोन करून बाहेर झुकलेल्या तीन किंवा चार शलाका वापरतात. पाण्यातील सूक्ष्म कण लाटेबरोबर पुढेमागे हलतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता त्या हालचालीनुसार बदलते. क्रिश्चियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला परिणाम तो हाच. ६०० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीत शलाकेच्या दिशेने सेकंदाला १ मीटर वेग असल्यास सुमारे ८०० हर्ट्‌झचा फरक पडतो. पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर या शलाका एकमेकींपासून कित्येक मीटर दूर गेलेल्या असतात, त्यामुळे एकच लाट एका शलाकेत आधी आणि दुसरीत नंतर दिसते. हा कालभेद आणि वेगांच्या दिशा एकत्र मांडून कोणत्या आवर्तकालाची ऊर्जा कोठून येत आहे हे ठरवले जाते; दूरच्या वादळातून आलेली लांब लाट आणि जवळच्या वाऱ्याची आखूड लाट एकाच वेळी वेगळ्या दिशांनी येत असतील, तर त्या अशा वेगळ्या ओळखता येतात.

येथे ‘तत्काळ’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी, म्हणजेच लक्षणीय लाट-उंची, ही अनेक लाटांवरून ठरणारी राशी असल्याने साधारण १७ ते २० मिनिटांची सलग नोंद लागते आणि नोंद पूर्ण झाल्यावर काही मिनिटांत निष्कर्ष मिळतो. उपकरण किनाऱ्याला केबलने जोडलेले असेल, तर वीज आणि कच्ची आकडेवारी दोन्ही त्यातून वाहतात. केबल शक्य नसेल, तर निकाल ध्वनिकीय मोडेमने वरच्या बोयाकडे आणि तेथून रेडिओने किनाऱ्याकडे जातात. पाण्यातून ध्वनीने फारच थोडी माहिती पाठवता येत असल्याने अशा ठिकाणी बरेचसे गणित उपकरणातच उरकावे लागते.

या पद्धतीची खरी कसोटी फुटणाऱ्या लाटांत लागते. लाट फुटली की हवेचे बुडबुडे खोलवर ओढले जातात, त्यांच्यावरूनही ध्वनी जोरात परावर्तित होतो आणि बुडबुड्यांचा थरच पृष्ठभाग असल्याचा भास होतो. अशा वेळी खालच्या, स्वच्छ पाण्यातील वेगांवरून किंवा दाबावरून उंची काढावी लागते. म्हणूनच बहुतेक उपकरणांत दाबमापकही बसवलेला असतो. लाटा सतत फुटतात त्या उथळ पट्ट्यात तर दाबमापकच अधिक उपयोगी ठरतो, कारण तेथे पाणी इतके कमी असते की दाबसंकेताला विरायला खोलीच उरत नाही.