ब्रम्बी: सुटलेला घोडा परत हाती का लागत नाही

माथेरानला कधी गेला असाल तर हे ऐकलंच असेल, घोड्याच्या मागून जायला लागलं की घोडेवाला तिथूनच ओरडतो, "मागनं नका येऊ, बाजूनं या!" लहानपणी मला वाटायचं घोडा लाथ मारतो म्हणून ओरडतात. ते खरंच आहे, पण लाथ का मारतो? तर बरोबर शेपटीच्या मागे उभं असलेलं त्याला काहीही दिसत नाही. बाकी जवळजवळ सगळं दिसतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला साधारण ३५० अंशांतलं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचा थोडासा भाग आणि शेपटीच्या मागची पट्टी एवढंच सुटतं. टांग्याच्या घोड्याला ढापणं बांधायचे ते याच्यासाठीच, नाहीतर बाजूने आणि मागून येणारी प्रत्येक मोटार, प्रत्येक छत्री त्याला दिसत राहणार आणि तो बुजणार.

आता ढापणं नाहीत, लगाम नाही, मालक नाही, आणि चारी बाजूंना शेकडो किलोमीटर झाडी आणि माळ, असा घोडा डोळ्यांसमोर आणा. ऑस्ट्रेलियात अशा घोड्याला ब्रम्बी म्हणतात. जगात सगळ्यात जास्त मोकाट घोडे याच देशात आहेत, अंदाज चार लाखांच्या आसपास सांगतात. गंमत अशी की १७८८ च्या आधी त्या अख्ख्या खंडावर एकही घोडा नव्हता. घोडाच कशाला, खूर असलेला एकही प्राणी मूळचा तिथला नाही, कांगारूचे पाय गादीसारखे मऊ असतात. त्या वर्षी इंग्लंडहून कैद्यांची जहाजं सिडनीला आली, वाटेत आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपला थांबून त्यांनी मोजून सात घोडे चढवले होते, एक नर, तीन घोड्या आणि तीन शिंगरं.

मग घोडे वाढले, कुंपणं नव्हतीच, काही पळाले, काही मालकांनी सोडून दिले. ब्रम्बी हे नाव जेम्स ब्रम्बी नावाच्या एका सैनिकाच्या सोडून दिलेल्या घोड्यांवरून पडलं असं एक मत आहे आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या शब्दावरून आलं असं दुसरं, वाद मिटलेला नाही.

आपला पण याच्याशी संबंध आहे बरं का. न्यू साउथ वेल्समध्ये पैदास केलेल्या घोड्यांना वेल्सवरून 'वेलर' म्हणायचे, आणि एकोणिसाव्या शतकापासून असे हजारो वेलर जहाजात भरून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांवर उतरवले जायचे, ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेसाठी, तोफा ओढायला आणि रिसाल्यात. पुढे पहिल्या महायुद्धानंतर ट्रक आणि ट्रॅक्टर आले, घोड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि तिकडे पुष्कळ घोडे नुसते रानात सोडून दिले गेले. म्हणजे आज ज्याला आपण जंगली घोडा म्हणतो त्याचा पणजोबा कदाचित कुणाच्यातरी नांगराला जुंपलेला होता. म्हणून शास्त्रज्ञ त्याला जंगली म्हणत नाहीत, रानटी झालेला पाळीव प्राणी म्हणतात.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज साधारण ४,२०० वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या भागात माणसाळले असं प्राचीन डीएनएवरून दिसतं. पण घोड्याच्या घराण्याचा इतिहास साडेपाच कोटी वर्षांचा आहे. त्यापुढे चार हजार वर्षं म्हणजे काय! एक-दोन पिढ्या रानात काढल्या की आतलं जुनं सगळं वर येतं, कुणी शिकवावं लागत नाही. ब्रम्बी माणसाला चकवतो तो काही लबाड आहे म्हणून नाही, त्याचं सगळं शरीरच लांडग्या-सिंहांपासून पळायला घडलेलं आहे आणि त्या जागी आता माणूस आलाय एवढंच. ऑस्ट्रेलियात त्याला खाणारं दुसरं कोण आहे? डिंगो, म्हणजे तिकडचे रानकुत्रे, कधीमधी एखादं शिंगरू मारतात, बाकी मोठ्या घोड्याला कुणाची फारशी भीती नाही, आपली सोडून.

डोळ्यांचं सांगितलंच. बुबुळाची बाहुली आडवी असते, सगळं क्षितिज एका नजरेत येतं, आणि डोळ्यामागे मांजरीसारखा चमकणारा पडदा असतो म्हणून अंधारातही त्याला आपल्यापेक्षा कितीतरी बरं दिसतं. रंग मात्र कमी कळतात, लाल रंग त्याला मळकट दिसतो. कान दोन्ही वेगवेगळे फिरतात, एक पुढे असताना दुसरा मागचं ऐकत असतो, आणि आपल्याला ऐकू येतात त्याहून बारीक आवाज, अगदी ३३ हजार हर्ट्झपर्यंतचे, त्याला ऐकू येतात. म्हणजे तुम्ही वाऱ्याच्या उलट दिशेने आलात, झाडाआड लपलात, तरी बुटाखालची एक काडी मोडली की संपलं, कान टवकारले जातात, मान वर होते, आणि एकाने मान वर केली की सगळ्यांची होते.

यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. निकोलस ऑस्टिन आणि लेस्ली रॉजर्स या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रानातल्या घोड्यांचं निरीक्षण केलं तेव्हा दिसलं की धोका हेरताना, बिचकताना, भांडताना ते डावी बाजू जास्त वापरतात. डाव्या डोळ्याचं चित्र मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात जातं, आणि भीती-बिती, पळू की थांबू हे तिथे ठरतं. पाळीव घोड्यांवर इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात प्रयोग झाला २०१६ साली, रागावलेल्या माणसाचा फोटो दाखवला की घोडे डाव्या डोळ्याने बघायला लागले आणि त्यांच्या काळजाचे ठोके पटकन वाढले. नुसता फोटो हो, कागदावरचा.

आता कळप. एक नर, दोन-चार घोड्या, त्यांची शिंगरं, असं छोटं कुटुंब असतं, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. तरुण नर वयात आले की बाहेर पडतात आणि त्यांची वेगळी टोळी होते. संकट आलं की नर पुढे धावतो असं चित्रांमध्ये दाखवतात पण तो बऱ्याचदा मागे असतो, मान जमिनीलगत सापासारखी खाली घालून, कान पाडून सगळ्यांना हाकत, म्हणजे पाठलाग करणारा आणि कुटुंब यांच्या मध्ये तो. पुढे बहुतेक एखादी जाणती घोडी असते जिला वाट माहीत आहे, कुठला ओढा उतरायचा, कुठल्या खिंडीतून निघायचं. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं आणि त्याच दिवशी आईबरोबर पळूही शकतं, अकरा महिने पोटात राहतं ते उगाच नाही.

पोटाचीही कमाल आहे. गाय भराभर खाते आणि मग बसून रवंथ करते, घोड्याला ती चैन नाही. त्याचा कोठा अगदी लहान, फार तर पंधरा लिटरचा, म्हणून तो थोडं थोडं करत दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतच असतो, आणि गवत आंबवायचं काम मागे मोठ्या आतड्यात होतं. फायदा काय, तर पोट भरलेलं असो नसो, कुठल्याही क्षणी चौखूर उधळता येतं. हलक्या प्रतीच्या, वाळून काडी झालेल्या गवतावरही तो जगतो, फक्त खूप खावं लागतं. झोप म्हणाल तर दिवसरात्र मिळून तीनेक तास, त्यातली बरीचशी उभ्या उभ्या, पायाच्या सांध्यांत अशी सोय आहे की स्नायूंना फार ताण न देता पाय टेकल्यासारखे राहतात. गाढ झोपेसाठी मात्र आडवं व्हावंच लागतं, आणि तेव्हा कळपातलं कुणीतरी उभं राहून राखण करतं.

आणि प्लीहा! आपल्या शरीरात हा अवयव आहे हे आपल्याला आजारी पडल्यावर कळतं. घोड्याची प्लीहा म्हणजे रक्ताचं गोदाम, तिच्यात तांबड्या पेशी साठवून ठेवलेल्या असतात, आणि घोडा घाबरला किंवा धावायला लागला की प्लीहा आवळते आणि सगळा साठा रक्तात सोडते. शांत उभ्या घोड्याच्या रक्तात तांबड्या पेशी ४० टक्क्यांच्या आसपास असतात, जोरात धावताना ६० च्या पुढे जातात. घोडा चौखूर सुटला की काही क्षणांत त्याचं रक्तच बदलतं, तेवढा जास्त ऑक्सिजन पायांपर्यंत पोचतो.

हे झालं पळण्याचं. पण मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पळून उपयोग काय, पाणी कुठंय? क्वीन्सलंड विद्यापीठाच्या लोकांनी, ब्रायन हॅम्पसन आणि सहकारी, रानातल्या घोड्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून पाहिलं. निकाल २०१० मध्ये छापून आले. सरासरी दिवसाला १५.९ किलोमीटर चाल, काही घोडे पाणवठ्यापासून तब्बल ५५ किलोमीटर लांब चरताना सापडले, आणि पाणी प्यायला सरासरी दोन ते तीन दिवसांतून एकदा, काही तर चार दिवसांनी. चरायच्या जागेपासून पाण्यापर्यंत बारा बारा तास चालत जायचे. याचं कारण सोपं आहे, पाण्याजवळचं गवत सगळ्यांनी खाऊन टाकलेलं असतं, मग चारा लांब लांब जातो आणि घोड्याला दोन्हींच्या मधे येरझाऱ्या घालाव्या लागतात. दगडी माळावर एवढं चालून त्यांचे खूर आपोआप झिजून आखूड होतात, नालबंदाची गरजच नाही. मऊ जमिनीवरच्या घोड्यांचे खूर मात्र वाढून कडेला पसरतात. त्याच टीमला असंही दिसलं की रानातल्या घोड्यांच्याही खुरांना बरेच आजार असतात, म्हणजे निसर्गात सगळं आदर्शच असतं असं काही नाही.

पाणवठा लक्षात ठेवणं हे ब्रम्बीचं सगळ्यात मोठं हत्यार. आणि तेच त्याच्यावर उलटतं. जानेवारी २०१९ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहराजवळ सांता टेरेसा वस्तीच्या बाजूला एका नेहमीच्या डोहापाशी नव्वदहून जास्त घोडे मेलेले किंवा मरायला टेकलेले सापडले. दिवसेंदिवस ४२ अंशांच्या वर ऊन होतं आणि डोह आटलेला होता. साधारण चाळीस आधीच गेले होते, उरलेल्यांची अवस्था अशी होती की त्यांना मारून सोडवावं लागलं. त्यांना तिथे पाणी असतं हे माहीत होतं, म्हणून ते तिथेच येऊन थांबले. ते फोटो मी पूर्ण बघू शकलो नाही.

पकडणारे लोक पण हीच नस ओळखून असतात. घोड्यामागे घोडा घालून फास टाकून पकडायची जुनी पद्धत होती, त्यात माणसांची आणि घोड्यांची दोघांचीही हाडं मोडायची. आता वाळवंटात पाण्याभोवती कुंपण करून असं दार लावतात की आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. डोंगरात मीठ आणि मळी ठेवतात, आपल्या साखर कारखान्यातून निघते तीच उसाची मळी, तिच्या वासाने घोडे हळूहळू आत यायला लागतात, आणि सवय झाली की एक दिवस फाटक बंद होतं.

आणि हेलिकॉप्टर. मोठ्या घोड्याला वरून कुणी धरेल याची सवयच नाही. एकत्र व्हा, उघड्यावर या, पळत सुटा, लांडग्यापुढे या सगळ्यानं जीव वाचतो, हेलिकॉप्टरपुढे त्यानेच जातो. ऑक्टोबर २००० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या गाय फॉक्स रिव्हर नॅशनल पार्कमध्ये तीन दिवसांत हेलिकॉप्टरमधून ६०६ घोडे गोळ्या घालून मारले, एवढा संताप उसळला की त्या राज्यात हा प्रकार वीसहून जास्त वर्षं बंद राहिला. २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या कोझियस्को नॅशनल पार्कसाठी तो पुन्हा सुरू झाला.

मी घोड्यांच्या बाजूचा माणूस आहे, पण कोझियस्कोचं वाचल्यावर मला नुसतं सरकारला दोष देऊन मोकळं होता येईना. २०२२ च्या मोजणीत तिथे १८,८१४ घोडे असल्याचा अंदाज निघाला, आणि खाणंपिणं बरं असेल तर घोड्यांचा आकडा वर्षाला १५-२० टक्क्यांनी वाढू शकतो. हा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात उंच डोंगराळ भाग, मरे, मरम्बिजी आणि स्नोई या तिन्ही नद्या इथेच उगम पावतात, आणि उगमापाशी शेवाळाची पाणथळं आहेत, स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी, जी वाढायला शतकं लागतात. त्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, अंगठ्याच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा कोरोबरी बेडूक राहतो. तांटांगारा नावाच्या ओढ्याच्या छोट्याशा पट्ट्यात एक मासा आहे, स्टॉकी गॅलॅक्सियस, तो जगात दुसरीकडे मूळचा कुठेच नाही. चारशे किलोचा घोडा त्या शेवाळात पाय ठेवतो तेव्हा खूर सरळ आत रुततो, भोक पडतं, त्यातून पाणी वाहून जातं आणि आजूबाजूचं शेवाळ वाळतं. २०२१ मध्ये ठरलेला प्लॅन असा होता की जून २०२७ पर्यंत पार्कच्या ठराविक भागात ३,००० घोडे ठेवायचे. त्या बेडकाला पळून जायला दुसरी जागा नाही, घोड्याला निदान चार पाय आहेत, असं मला वाटतं, आणि तरीही वरून गोळी घालणं मला पटत नाही. पकडून घरं शोधून देणं हळू होतं, महाग पडतं, घेणारे पुरत नाहीत, हे सगळं मान्य करूनही ते आधी जमेल तेवढं करावं.

असे पकडून आणलेले ब्रम्बी माणसाळवणारे लोक तिकडे आहेत. पहिल्या दिवशी घोडा गोल कुंपणाच्या पार पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहतो, नाकपुड्या फुगलेल्या, अंग घामाने ओलं, एक कान सतत तुमच्याकडे. तुम्ही जवळ जायचं नाही, हात वर करायचा नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, नुसतं गवत ठेवून पाठ वळवून उभं राहायचं. मग कधीतरी मागे फुरफुरल्याचा आवाज येतो, मान खाली होते, तोंड चघळल्यासारखं हलायला लागतं. आणि काही दिवसांनी, कुणाच्या बाबतीत काही आठवड्यांनी, तो आपणहून चालत येतो आणि तुमच्या शर्टाचा वास घेतो.