एसीची हवा गार लागत नाही? गॅस भरण्याआधी हे वाचा
(ट्रकमालक आणि ड्रायव्हरभाऊंसाठी)

मार्च लागला की नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या वर्कशॉपवर येणाऱ्या बहुतेक गाड्यांची तक्रार एकच असते : "भाऊ, एसी थंडा नाही करून राहिला, गॅस भरून द्या." पुष्कळदा गॅस वाटेत कुठेतरी आधीच भरलेला असतो. आम्ही डॅशबोर्ड उघडतो, तेव्हा आतली हवा वळवणारी झडप अडकलेली किंवा तिची केबल सुटलेली सापडते. म्हणजे गॅसचे पैसे गेले, बिघाड तसाच राहिला आणि भरलेला जास्तीचा गॅस काढायचं काम वाढलं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. त्यामुळे ट्रकमध्ये पहिल्यांदाच एसी वापरणारे ड्रायव्हरही आता आमच्याकडे येतात. आतली रचना एकदा समजली की निम्म्या तक्रारी गाडीतच ओळखता येतात.

ब्लोअर हवा ढकलतो. ती हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते. पुढे हीटरची छोटी जाळी असते आणि तिच्यात इंजिनाचं गरम पाणी फिरतं. या वाटेवर तीन झडपा आहेत : हवा बाहेरची घ्यायची की आतलीच फिरवायची, गार किती आणि गरम किती, आणि सोडायची कुठे, तोंडावर, पायांवर की काचेवर. तुम्ही नॉब फिरवता तेव्हा केबल किंवा छोटी मोटर या झडपा हलवते. गॅसचा इथे काही संबंध नाही. गॅस पूर्ण असला तरी मधली झडप हीटरच्या बाजूला अडकली, तर भर उन्हात तोंडावर गरम वाराच येणार.

मग गॅस कमी आहे की झडप अडकली आहे, हे ओळखायचं कसं? गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन आयडलवर, एसी चालू, ब्लोअर फुल. पाच मिनिटांनी केबिनच्या पुढचा पत्रा उघडा आणि एसीचे दोन पाइप जिथे केबिनमध्ये शिरतात तिथल्या जाड पाइपाला हात लावा. पंखा आणि बेल्टपासून हात, गमछा लांब ठेवा. बारीक पाइपाला हात लावू नका, तो तापलेला असू शकतो. जाड पाइप चांगला गार लागतो आणि केबिनमध्ये मात्र हवा कोमट, तर गॅसला हात लावू देऊ नका, बिघाड झडपेत किंवा हीटरच्या कॉकमध्ये (हीटरला गरम पाणी सोडणाऱ्या तोटीत) आहे. पावसाळ्यात या पाइपाला घाम सुटतो. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो नुसता गार लागेल, ओला दिसेलच असं नाही. पाइप गारच नसेल तर मात्र गॅस, कॉम्प्रेसर किंवा वायरिंग तपासावं लागेल.

एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बंद न करता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. गॅस किती ग्रॅम लागतो हे गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तो वजनावर भरायचा असतो, अंदाजाने नाही. जास्त भरला तर प्रेशर वाढतं, थंडावा उलट कमी होतो आणि ४५ अंशांच्या उन्हात प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. म्हणून आम्ही जुना गॅस आधी काढून मोजतो, मगच भरतो. यात वेळ जातो, ग्राहक घाई करतात, पण हे काम आम्ही दुसऱ्या पद्धतीने करत नाही. गळती बुजवायचं रसायन आधी टाकलं असेल तर कृपया आल्याआल्या सांगा. ते व्हॉल्व्हमध्ये जमतं आणि आमच्या मशीनलाही लागतं.

आता नॉबच्या नेहमीच्या तक्रारी. ब्लोअर फक्त ४ नंबरवर चालतो, १ ते ३ वर बंद, तर बहुतेक वेळा ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. "नुसता तो बदलून द्या" असा आग्रह असतो, पण रेझिस्टरला थंड ठेवते ती ब्लोअरचीच हवा. फिल्टर कोळशाच्या धुळीने किंवा रुईच्या तंतूंनी चोंदलेला असेल, किंवा ब्लोअर जड फिरत असेल, तर नवा रेझिस्टरही जळतो. म्हणून ब्लोअर आणि फिल्टर तपासूनच आम्ही तो बसवतो. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज किंवा तार कधीही टाकू नका, केबिनला आग लागू शकते. गाडी २४ व्होल्टची असेल तर कारचा १२ व्होल्टचा रिले किंवा ब्लोअर तिला चालत नाही.

डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो आणि नॉब फिरवूनही फरक पडत नाही, तर झडपेच्या मोटरच्या गिअरचा दात गेला असेल. नॉब जड झाला असेल तर केबल गंजली असेल. दोन्ही वेळा जोर लावू नका. केबलची क्लिप सुटली असेल तर काम छोटं असतं, पण ओढून झडपेची दांडी मोडली की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हिवाळ्यात शिवनी-जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा हीटरचा कॉक पुढे अर्धवट उघडा राहतो, आणि तोच उन्हाळ्यात एसीला मारतो.

पावसाळ्यात काच धुरकट झाली तर आधी बोट फिरवून बघा. वाफ आतून असेल तर एसी चालू ठेवून हवा काचेवर घ्या आणि बाहेरची हवा सुरू करा. बाहेरून असेल तर काचेवरची थंड हवा बंद करा, तापमान थोडं वाढवा, वायपर फिरवा.

सीझनमध्ये आमच्याकडे रांग लागते. फेब्रुवारीत गाडी आणलीत तर फिल्टर, कूलिंग कॉइल, केबल आणि हीटरचा कॉक निवांत तपासून मिळेल. तपासणीचा चार्ज आम्ही घेतो, काम आमच्याकडे केलं तर तो बिलातून वजा होतो. फोनवर भाव विचारताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष, ब्लोअर किती नंबरवर चालतो, जाड पाइप गार होता की नाही, आणि शेवटचा गॅस कधी भरला, एवढं सांगा. त्यावरून गाडी किती तास थांबवावी लागेल याचा अंदाज आम्ही लगेच देऊ, म्हणजे तुम्हाला पुढची खेप ठरवता येईल.