चिकट भात जास्त पाण्याने होत नाही

"इंद्रायणी घ्या, दुप्पट-तिप्पट पाणी घाला, दोन शिट्ट्या जास्त काढा, की झाला थायलंडसारखा चिकट भात." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याने होतो तो फक्त गिचका.

चिकटपणा दाण्यातच असतो. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. भात मोकळा ठेवतो तो अमायलोज, आणि चिकट तांदळात तो जवळजवळ नसतोच. कच्चा दाणाही ओळखू येतो: नेहमीचा अर्धपारदर्शक, हा खडूसारखा पांढराफटक. आसामचा बोरा तांदूळ याच जातकुळीतला, तो जरूर वापरा.

लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये हा तांदूळ रात्रभर भिजवतात, निथळतात आणि बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात. खालचं उकळतं पाणी दाण्याला लागता कामा नये. घरी मोदकपात्रात ओलं सुती फडकं पसरून करा. वीसेक मिनिटांनी अख्खा भात उलटा करायचा, वरचा भाग खाली. ही पायरी गाळली तर वरचे दाणे टणक राहतात. मग आणखी पाच-दहा मिनिटं. नीट झालेला भात बोटांनी सहज वळला जातो, तरी दाणा न् दाणा दिसतो. आंब्याबरोबर द्यायचा असेल तर साखर-मीठ घातलेलं गरम नारळाचं दूध भात गरम असतानाच मुरवा.

चीनमधल्या झोंगझी या चिकट भाताच्या पुरचुंड्या मात्र उकळतात, पण तिथेही भिजवलेला तांदूळ पानात घट्ट बांधलेला असतो.

आणि हो, या तांदळात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं. त्याचं पथ्य असणाऱ्यांनी सोबतचा सोया सॉस तपासावा. त्यात बहुधा गहू असतो.