विंडोज, लिनक्स आणि मराठी फाइलनाव : सिंकची पार्श्वभूमी

लातूर, परभणी किंवा नांदेडमधल्या डीटीपी केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या विभागांत विंडोजचा संगणक आणि जुन्या यंत्रावर बसवलेले उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) शेजारी शेजारी चालताना दिसतात. दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवण्याचे काम, म्हणजेच सिंक, अनेक ठिकाणी अजूनही पेनड्राइव्हच्या भरवशावर होते. फाइल इकडून तिकडे नेणे मुळात सोपे आहे. अवघड आहे ते ‘तीच फाइल’ कशाला म्हणायचे, यावर दोन कार्यप्रणालींचे एकमत होणे. फाइलची वेळ कशी नोंदवायची आणि तिचे नाव कसे साठवायचे, याचे निर्णय प्रत्येक प्रणालीने आपापल्या काळात आणि आपापल्या सोयीने घेतले, आणि सिंकचा इतिहास हा बहुतांशी ते निर्णय निस्तरण्याचा इतिहास आहे.

सुरुवात वेळेपासून करावी लागते. पेनड्राइव्हवर बहुधा असणारी फॅट३२ ही फायली साठवण्याची रचना वेळेची नोंद एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीच्या पद्धतीने करते. दिवसातल्या वेळेसाठी तिथे एकूण १६ बिट आहेत. तासांना ५ आणि मिनिटांना ६ दिल्यावर सेकंदांसाठी ५ बिट उरतात, त्यांत ६० सेकंद मावत नाहीत, म्हणून वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी लिहिली जाते. विंडोजची एनटीएफएस ही रचना मात्र सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत वेळ नोंदवते. त्यामुळे फाइल न उघडता नुसती पेनड्राइव्हवर नेऊन परत आणली, तरी ती बदलल्यासारखी भासते. याहून गंभीर बाब अशी की, फॅटमध्ये स्थानिक घड्याळाची वेळ लिहिली जाते आणि ती कोणत्या देशाची, याची नोंद सहसा नसते. एका प्रणालीने ती भारतीय वेळ मानली आणि दुसरीने जागतिक वेळ मानली, तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि ‘नवी फाइल जुनीवर लिहा’ एवढाच नियम पाळणारी प्रणाली सकाळची प्रत दुपारच्या दुरुस्तीवर बिनदिक्कत लिहून टाकते.

या क्षेत्रातले पायाभूत काम ऑस्ट्रेलियात झाले. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये युनिक्स या लिनक्सच्या पूर्वसुरी प्रणालीच्या सर्व्हरवरचे फोल्डर डॉसच्या संगणकाला दिसावे म्हणून जो प्रोग्राम लिहिला, तोच पुढे ‘सांबा’ या नावाने जगभर गेला. त्यानंतर १९९६ मध्ये त्यांनी पॉल मॅकेरास यांच्यासह ‘आरसिंक’ हा फाइलमधला बदललेला भागच पाठवणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे तो संगणक तिचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून दोन खुणा काढून समोरच्याला कळवतो, एक झटपट निघणारी आणि दुसरी भक्कम. नवी प्रत असलेला संगणक आपल्या फाइलमध्ये एकेक बाइट पुढे सरकत तेच तुकडे शोधतो आणि जे सापडत नाही, तेवढेच पाठवतो. फाइलच्या अगदी सुरुवातीला एक शब्द घातल्याने पुढचा सगळा मजकूर सरकला, तरी ही पद्धत गोंधळत नाही, आणि मला ती आजही या विषयातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. शिवाय आरसिंक नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहितो आणि मगच तिला खरे नाव देतो. भारनियमनाची वर्षे काढलेल्या मराठवाड्यात या एका सवयीचे मोल वेगळे सांगायला नको : मध्येच वीज गेली, तर अर्धी फाइल पूर्ण फाइलच्या जागी बसत नाही.

आरसिंक मात्र एकाच दिशेने चालतो. दोन्हीकडे बदल होत असतील, तर एकीकडे असलेली आणि दुसरीकडे नसलेली फाइल इथे नव्याने तयार झाली की तिथून काढून टाकली गेली, हे नुसते दोन फोल्डर ताडून कळूच शकत नाही. त्यासाठी मागच्या वेळी दोन्ही बाजू जुळल्या तेव्हाची स्थिती लिहून ठेवावी लागते. एस. बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पीअर्स यांनी १९९८ मध्ये या प्रश्नाची शिस्तशीर मांडणी केली आणि पीअर्स यांच्या ‘युनिसन’ या प्रोग्रामने ती विंडोज व युनिक्स या दोन्हींवर प्रत्यक्षात आणली. विंडोज ९५ मधली ‘ब्रीफकेस’ त्याआधीची होती, पण ती विंडोजपुरतीच राहिली. २००८ मध्ये खुला झालेला ड्रॉपबॉक्स आणि २०१३ मध्ये याकोब बोर्ग यांनी सुरू केलेला, मध्यस्थ सर्व्हरवर फायली न ठेवणारा सिंकथिंग यांनी हेच काम सामान्य वापरकर्त्याच्या हाती दिले.

राहिला प्रश्न नावाचा, आणि तो मराठी वापरकर्त्याला सर्वांत जास्त भोवतो. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळात मजकूर मराठी असला तरी फाइलचे नाव सहसा रोमन असे, म्हणून हा प्रश्न झाकलेला राहिला. युनिकोड ही सर्व लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत रुळल्यावर नावेही देवनागरी झाली. एनटीएफएसमध्ये नावाला २५५ संकेतांकांची (चिन्हांच्या अशा क्रमांकांची) जागा आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटांची. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलंत तीन-तीन बाइट घेतो, म्हणजे लिनक्सवर फक्त ८५ संकेतांक मावतात. एकट्या ‘शेतकऱ्यांची’ या शब्दाला ११ संकेतांक, म्हणजे ३३ बाइट लागतात. पीकविम्याच्या एखाद्या पत्राचे लांबलचक नाव विंडोजवर चालते आणि लिनक्सवर नाकारले जाते, त्याचे कारण हेच.

याच शब्दातला ‘ऱ’ आणखी पेच निर्माण करतो. युनिकोडमध्ये तो एकच संकेतांक म्हणून लिहिता येतो, तसेच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन मिळूनही लिहिता येतो. ॲपलने १९९८ मध्ये आणलेली एचएफएस प्लस ही रचना नाव साठवतानाच त्याचे असे दोन भाग करत असे. लिनक्स मात्र आलेले बाइट जसेच्या तसे ठेवतो आणि दोन्ही नावे वेगळी मानतो. परिणामी मॅकवरून आलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ लिनक्सवर दोनदा दिसू लागते. आरसिंकमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून नावांचे रूपांतर करण्याची सोय आहे, सिंकथिंग नावे आपोआप प्रमाण रूपात आणतो, आणि ॲपलच्या २०१७ च्या एपीएफएस या नव्या रचनेने नाव न बदलता दोन्ही रूपे एकच मानण्याचे धोरण स्वीकारले. पण काही कीबोर्डांवर हाच जोडाक्षराचा आकार ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह असा टाइप होतो. युनिकोडच्या नियमांनुसार हे रूप पहिल्या दोन्हींशी समान नाही, त्यामुळे प्रमाणीकरणाने ते जुळत नाही. एका कार्यालयातल्या सर्व संगणकांवर एकच मराठी कीबोर्ड ठेवणे, हाच त्यावर सध्याचा खात्रीचा उपाय आहे.