घरी इंजिन बदलताय? जुन्या स्पोर्ट्स कारचं वायरिंग कापण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारा फोन बहुतेक वेळा असा सुरू होतो: "इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, आता फक्त वायरिंग राहिलंय." मग कळतं, जुनं वायरिंग कटरने तुकडे करून पोत्यात भरलंय, आणि ते पोतं भंगारवाल्याने नेलंय. त्या फोननंतर तुमचं काम तिपटीने वाढतं आणि आमचंही. म्हणून हे माहितीपत्रक इंजिन उतरवायच्या आधी वाचा.

उद्यमनगरातल्या आमच्या कार्यशाळेत जुन्या गाड्यांचे हार्नेस, म्हणजे तारांची बांधलेली जुडगी, नव्याने बांधून मिळतात. नमुना म्हणून आम्हाला तुमचा जुना हार्नेस अख्खा लागतो. तारा कडक झाल्या असतील, आवरणाचा भुगा पडत असेल, उंदराने कुरतडल्या असतील, तरी चालेल. कुठली तार कुठून फुटते, कुठे किती लांब जाते, कुठल्या ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून) आत शिरते, हे सगळं त्या जुन्या जुडग्यातच लिहिलेलं असतं. पुस्तकातल्या आकृतीत तारेचा रंग मिळतो, लांबी मिळत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून बोलू. गाडी 1965 ची एमजीबी. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली ही दोन सीटची गाडी. तिचं 1798 सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिजचं, म्हणजे आपल्या जुन्या अँबॅसडरच्या 1489 सीसी इंजिनच्याच घराण्यातलं. पुढे हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडरमध्येच 1817 सीसीचं इसुझू इंजिन घातलं. तेच इंजिन एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) रूपात एमजीबीत बसवायचा बेत कुणी केला, तर तो आम्हाला चुकीचा वाटत नाही. फक्त वायरिंगच्या दृष्टीने ही दोन वेगळ्या जमान्यांची सोयरीक आहे, आणि ती नीट जुळवावी लागते.

पहिली गोष्ट बॅटरीची. 1967 च्या अखेरपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं. नवीन इंजिनचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) निगेटिव्ह अर्थवरच चालतात; उलटं जोडलं तर अल्टरनेटरचे डायोड त्या क्षणी जातात. तेव्हा गाडी आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची. दिवे, हॉर्न यांना काही फरक पडत नाही. फरक पडतो तो आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या घड्याळाला. त्या काळचं स्मिथ्सचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ कॉइलकडे जाणाऱ्या पांढऱ्या तारेतला करंट मोजतं. त्याची आतली जोडणी उलटी करावी लागते, आणि ईसीयूच्या इग्निशनबरोबर ते एरवीही नीट चालत नाही. ते आमच्याकडे पाठवा. डबा आणि काटा तोच ठेवून आतली सर्किट बदलता येते. बाजारातलं नवं चकचकीत घड्याळ त्या डॅशबोर्डवर लावू नका, अशी आमची मनापासून विनंती आहे.

दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची: बॉडीचं वायरिंग वेगळं ठेवा, इंजिनचं वेगळं. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, डॅशबोर्ड यांचा हार्नेस आम्ही मूळ रंगांत, मूळ मार्गाने बांधतो. इंजिनचा हार्नेस स्वतंत्र असतो. दोघांची गाठ फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याजवळ) एकाच कपलरमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या जोडात पडते, आणि त्या कपलरमधून मोजक्याच तारा जातात: चावीचा करंट, सेल्फची तार, अल्टरनेटरच्या दिव्याची तार, आरपीएम, तापमान आणि ऑइल. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना मूळ इंजिन परत बसवावंसं वाटलं, तर चार मूठ तारांचा छोटा हार्नेस त्याच कपलरला लावायचा. बॉडीच्या एकाही तारेला हात लागत नाही. गाडीला परतीची वाट ठेवून केलेलं काम हेच आम्ही चांगलं काम मानतो.

मूळ रंगांचा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगतो. लुकास या इंग्लिश कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला अर्थ आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, मधे फ्यूज नाही. पांढरी चावीनंतरची. हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेला कायमचा करंट. काळी अर्थ, लाल पार्किंग लाइट. निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. अँबॅसडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींना हे रंग पाठ आहेत. दहा वर्षांनी आंबा घाटात गाडी थांबली, तर तिथला मिस्त्री रंग बघून दुरुस्ती करू शकेल. सगळ्या तारा लाल आणि काळ्या वापरल्या, तर ती गाडी तिच्या मालकालाही परकी होते.

आता अर्थिंग. इथे जरा जास्त वेळ देतो, कारण घरी केलेल्या कामात सर्वात जास्त चुका आम्हाला इथेच सापडतात.

काही वर्षांपूर्वी एक एमजीबी आमच्याकडे टो होऊन आली. तक्रार अशी की सेल्फ मारला की नुसतं "टक्" होतं. बॅटरी नवी होती, सेल्फ नवा होता. आमच्या पोराने चावी फिरवली आणि मी बॉनेटखाली बघत होतो. अ‍ॅक्सिलरेटर केबलच्या आवरणातून धुराची बारीक रेघ निघाली. हात लावला तर केबल चटका बसण्याइतकी तापलेली. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी काम करताना काढली होती, ती परत लागलीच नव्हती. सेल्फचा दीडशेहून जास्त अँपिअर करंट दुसरा रस्ता न मिळाल्याने त्या एका पातळ केबलमधून परतत होता. आणखी दोन-तीनदा चावी फिरवली असती तर केबल आतून चिकटली असती, आणि मग चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकला असता. तो दिवस आठवला की आजही पोटात खड्डा पडतो. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक हार्नेसच्या पिशवीत अर्थची विणलेली पट्टी आधी पडते, बाकी सगळं नंतर.

पट्टी लावताना बॉडीवरचा रंग खरवडून पांढरा पत्रा काढा, बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. ईसीयूची अर्थ सरळ इंजिन ब्लॉकवर घ्या, डॅशबोर्डमागच्या एखाद्या स्क्रूवर नको. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.3 व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कमी पडतंय. एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, त्यामुळे केबल लांब पडते. 25 चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. आम्ही 35 ची देतो.

फ्यूजबद्दल एक गैरसमज. जुन्या फ्यूज बॉक्समध्ये 35 अँपिअरचे दोनच काचेचे फ्यूज दिसतात, म्हणून लोक नव्या बॉक्समध्ये 30 किंवा 35 चे ब्लेड फ्यूज घालतात. लुकासच्या जुन्या फ्यूजवरचा 35 हा आकडा तो वितळण्याचा आहे. सतत वाहायला त्याची क्षमता साधारण 17 अँपिअरच. ब्लेड फ्यूजवरचा आकडा वेगळ्या हिशेबाचा असतो. 35 च्या जागी 15 चा ब्लेड फ्यूज घाला, फार तर 20 चा. नाहीतर फ्यूज शाबूत राहील आणि तार जळेल. मूळ गाडीत हेडलाइटला फ्यूजच नाही. आम्ही प्रत्येक बाजूच्या अप्परला आणि डिपरला वेगळा फ्यूज देतो, म्हणजे रात्री घाटात एक उडाला तरी दुसरा दिवा चालू राहतो.

हेडलाइटला रिलेही (बारीक करंटवर चालणारा, मोठा करंट सोडणारा स्विच) द्या. 60 वॅटचे दोन बल्ब मिळून 10 अँपिअर घेतात. मूळ मार्ग असा की हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून, मग पायाखालच्या डिपर स्विचमधून फिरून पुढे जातो. 1 चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तारेतच जवळपास 0.9 व्होल्ट खर्च होतात आणि बल्बचा उजेड पाव हिश्शाने घटतो. झिजलेल्या स्विचचं नुकसान वेगळंच. रिले लावला की जुना स्विच फक्त इशारा देतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

मूळ डायनॅमो 22 अँपिअरचा होता. नवा अल्टरनेटर 55-65 अँपिअर देतो, म्हणून त्याची मुख्य तार जुन्या तपकिरी तारेवर जोडू नका, बॅटरीच्या केबलपर्यंत स्वतंत्र जाडी तार न्या. डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कट-आउटची गरज उरत नाही, पण त्याचा डबा जागेवर तसाच राहू द्या, शोभतो. अल्टरनेटरची बारीक तार चार्जिंगच्या दिव्यातूनच जायला हवी. त्या दिव्यातून येणाऱ्या थोड्याशा करंटवर अल्टरनेटर जागा होतो, त्यामुळे तिथे एलईडी बसवू नका.

पेट्रोल पंपाचं काम जिवाशी आहे. जुना एसयू पंप कार्ब्युरेटरसाठी जेमतेम 0.2 बार दाब देतो. एमपीएफआयला साधारण 3 बार लागतो. त्या दाबाखाली पाइप निसटला तर पिचकारी उडते. म्हणून पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात द्यायचा, इंजिन बंद पडलं की पंपही बंद. शिवाय धडक बसली की करंट तोडणारा इनर्शिया स्विच मधे घालायचा. पंप चावीवर थेट जोडून द्या, असं सांगणारे ग्राहक येतात. ते काम आम्ही घेत नाही.

तारा गाडीसाठीच्याच वापरा. घरच्या वायरिंगची तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते आणि इंजिनच्या उष्णतेत तिचं आवरण मऊ पडतं. जोड डाग देऊन (सोल्डर करून) करण्यापेक्षा चांगल्या पकडीने क्रिंप करा, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवा. डागाच्या कडेला तार ताठ होते आणि तिथेच मोडते. कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसात गाडी राहणार असेल तर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडतं.

हार्नेस बसल्यावर बॅटरी एकदम जोडू नका. बॅटरीचं ऋण टोक आणि केबल यांच्या मधे 21 वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब लावा. चावी बंद, दारं बंद, सगळे स्विच बंद. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तार जळण्याऐवजी बल्ब पेटला, एवढंच नुकसान. अंधारात राहिला तर फ्यूज एकेक करून घाला आणि एकेक स्विच चालू करून बघा. या कामाला एक अख्खी सकाळ द्या.

कागदपत्रांचं आधीच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, म्हणून इंजिन खरेदी करण्याआधी आरटीओत जाऊन या. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते आणि त्यात इंजिनही मोजलं जातं. तुमची गाडी त्यात बसत असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: मूळ इंजिनच बांधून घ्या. आमचं अर्धं काम त्यात कमी होतं, तरीही.

पाठवताना हार्नेसच्या प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी बांधा: "डावा हेडलाइट", "वायपर मोटर", असं मराठीत लिहिलं तरी चालेल. चिठ्ठीवर बॉलपेनने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा. स्केचपेनची शाई तेलाच्या हाताने पुसली जाते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, एकेका जोडाचे जवळून, भरपूर. हार्नेस गुंडाळून घट्ट बांधू नका, मोठ्या वेटोळ्यात ठेवा. बांधून द्यायला आम्हाला साधारण तीन आठवडे लागतात, दिवाळीच्या आधी चार. जुना हार्नेस नव्याबरोबर परत येतो. तो मूळ इंजिनशेजारी, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पोत्यात ठेवलात तर उंदीर सोडणार नाहीत.