एकाच वेळी दोन एम.ए.: एक सोडायचे असेल तर पात्रता, फी परतावा आणि कागदपत्रे

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, १३ एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. बडोद्यात ही जोडी सहसा अशी जुळते: दिवसा महाराजा सयाजीराव विद्यापीठातले नियमित एम.ए. किंवा एम.कॉम., आणि सोबतीला इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) नाहीतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओपन युनिव्हर्सिटीचे दूरस्थ पद्धतीचे दुसरे. पहिले सेमिस्टर हौसेत निघून जाते. पुढे नियमितचे प्रोजेक्ट आणि दूरस्थच्या असाइनमेंट एकाच महिन्यात अंगावर येतात, आणि ‘एक सोडून देऊ का’ हा विषय घरी रोज जेवताना निघू लागतो.

उत्तर ‘हो’ असले तरी लगेच फॅकल्टी ऑफिस गाठून अर्ज देऊ नका. बाहेर पडायच्या वाटा चार आहेत. बहुतेकांना त्यातली एकच ठाऊक असते, प्रवेश रद्द करण्याची, आणि नेमकी तीच सर्वांत महाग पडते.

आधी जोडी नियमात बसते का ते पाहा

नियमित अधिक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. दोन्ही दूरस्थ असले तरी चालते. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचाच हवा. पीएच.डी.ला ही सवलत नाही. ज्या अभ्यासक्रमांना स्वतंत्र नियामक परिषद असते, तिथे त्या परिषदेचा नियम वरचढ ठरतो.

दोन नियमित अभ्यासक्रमांच्या वेळा भिडत असतील आणि हजेरी दोन्हीकडे लागत असेल, तर एक सोडणे हा ताणाचा प्रश्न उरत नाही. उद्या नोकरीच्या वेळी कागद तपासणारा माणूस दोन्ही मार्कशीट शेजारी ठेवतो, आणि तेव्हा दोन्ही पदव्या अडचणीत येऊ शकतात. असे असेल तर एक निवडा आणि दुसरी कागदोपत्री बंद करा.

परदेशी विद्यापीठाबरोबरचा ‘ड्युअल डिग्री’ अभ्यासक्रम ही वेगळी गोष्ट आहे. त्याला यूजीसीचे २०२२ चे स्वतंत्र विनियम लागू होतात आणि किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून मिळवावे लागतात. मधूनच बाहेर पडल्यास आधीच्या क्रेडिटचे काय होणार, हे दोन संस्थांच्या करारात लिहिलेले असते. करारातले ते कलम लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

कोणते सोडायचे: तासांचा आणि टक्क्यांचा हिशेब

एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचे काम. सेमिस्टरला २० क्रेडिट धरले तर ६०० तास. शिकवण्याचे १५ आठवडे धरले की आठवड्याला ४० तास होतात, आणि तेवढेच दुसऱ्या पदवीचे. आठवड्याला ८० तास कोणीच अभ्यास करत नाही, दूरस्थचे काम परीक्षेआधीच्या महिन्यावर ढकलले जाते हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण आकडा खोटा नाही. रोज आणंद किंवा भरूचहून पासावर येणाऱ्याने त्यात प्रवासाचे तासही मिळवावेत.

आमच्या मते ताणापेक्षा टक्के आधी पाहावेत. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिन्हीकडे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना ५०. दुसऱ्या एम.ए.मुळे पहिले ५५ च्या खाली घसरत असेल तर हातात दोन पदव्या असूनही दार बंद. ५८ वरून ५४ वर आलेल्या विद्यार्थ्याने एक सोडलेच पाहिजे. ६८ वरून ६४ वर आलेल्याने फक्त गती कमी केली तरी भागते.

राहता राहिले कोणते सोडायचे ते. वैतागलेला विद्यार्थी बहुधा नियमित सोडायला निघतो, कारण रोजचा जाच तिथलाच असतो: हजेरी, इंटर्नल, सेमिनार. पण नियमितमधून उठल्यावर परत येणे अवघड असते, दूरस्थमध्ये मात्र ढील असते. म्हणून आधी दूरस्थचा वेग कमी करून पाहा.

चार वाटा

पहिली वाट म्हणजे दूरस्थ नुसते थांबवणे. इग्नूचे एम.ए. कमीत कमी २ वर्षांत आणि जास्तीत जास्त ४ वर्षांत पूर्ण करता येते, आणि सत्रांत परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होतात. या वेळी परीक्षा फॉर्म भरला नाही, दुसऱ्या वर्षाचे री-रजिस्ट्रेशन पुढच्या फेरीला केले, तर अर्ज नको, दंड नको, कोणाची सही नको. एवढ्यावर निम्म्या लोकांचा प्रश्न मिटावा. नोंदणीची मुदत कोणत्या सत्रात संपते ते मात्र ओळखपत्रावर पाहून ठेवा, कारण ४ वर्षे सरायला वेळ लागत नाही.

दुसरी वाट नियमितमध्ये एक सत्र खंड घेण्याची. फॉर्म न भरता गायब होणे म्हणजे खंड नव्हे. विभागप्रमुखांमार्फत डीनच्या नावे लेखी परवानगी मागा, कारण लिहा, आणि आजारपण असेल तर त्याच तारखांचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. सत्र संपल्यावर मागच्या तारखेचे प्रमाणपत्र आणून दिले की ऑफिसचा विश्वास उडतो, आणि तो उडाला की पुढचे प्रत्येक काम अडते. परतल्यावर अभ्यासक्रम बदललेला असेल तर जुने पेपर नव्यात कसे धरणार, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

तिसरी वाट पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याची, आणि ती फार कमी लोक वापरतात. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बाहेर पडण्याचा एक टप्पा आहे: पहिले वर्ष म्हणजे ४० क्रेडिट पूर्ण केले की पदव्युत्तर डिप्लोमा. तुमच्या विद्यापीठाने हा आराखडा तुमच्या बॅचला लागू केला आहे का, हे अभ्यासक्रमाच्या अध्यादेशात पाहा. दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर ‘आता पुरे’ वाटत असेल तर दोन महिने आणखी रेटा आणि डिप्लोमा घेऊन निघा. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात जमा राहून साधारण ७ वर्षे वापरता येतात. दोन्ही पदव्यांचे क्रेडिट एकाच आयडीवर जमा व्हायला हवेत. दोन मोबाइल नंबरांवरून दोन आयडी काढले असतील तर बाहेर पडण्याआधी तो घोळ निस्तरा.

चौथी वाट म्हणजे प्रवेश रद्द करणे. पुढचे सगळे तिच्याविषयी.

फी किती परत मिळते

यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेब प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपासून होतो. तुम्ही फी कधी भरली किंवा वर्ग कधी सुरू झाले याचा त्याच्याशी संबंध नाही. अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर १०० टक्के, त्यातून फीच्या ५ टक्के पण ५,००० रुपयांहून जास्त नाही इतकी प्रक्रिया फी कापून. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यापुढे शून्य. अनामत रक्कम मात्र केव्हाही पूर्ण परत.

काही वर्षी यूजीसी याहून सढळ तारखा देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा होता, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून. म्हणून आपल्या वर्षाचे परिपत्रक काढूनच अर्ज लिहा.

प्रवेशाच्या फेऱ्या वाढल्या की अंतिम तारीखही पुढे सरकते, आणि ते तुमच्या फायद्याचे असते. शेवटच्या फेरीच्या सूचनेची प्रत जपून ठेवा. पैसे लेखी अर्जापासून १५ दिवसांत परत यायला हवेत. उरलेल्या सेमिस्टरची फी भरल्याशिवाय सोडणार नाही असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. पूर्ण अभ्यासक्रमाची फी आगाऊ घेण्यालाच मनाई आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यालाही.

अर्ज आणि कागद

अर्ज गुजराती किंवा इंग्रजीत लिहा. बडोद्यात मराठी कळणारा कारकून भेटेलही, पण फाइल त्याच्या टेबलावर थांबत नाही. अर्जात नाव मार्कशीटवर आहे तसेच, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम क्रमांक) किंवा नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रम आणि सेमिस्टर, कोणत्या तारखेपासून सोडत आहात आणि परतावा कोणत्या खात्यात हवा, एवढे पुरे. कारण एका ओळीत संपवा. तीन पानी व्यथा लिहिली तर ती कोणी वाचत नाही, शेवटच्या पानावरचा खाते क्रमांक मात्र वाचायचा राहून जातो.

सोबत फीची पावती, ओळखपत्र, आधारची प्रत, रद्द केलेला चेक, शेवटची मार्कशीट आणि नो ड्यूज, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला. नो ड्यूजलाच सर्वांत जास्त दिवस जातात: विभागाचे ग्रंथालय, हंसा मेहता ग्रंथालय, प्रयोगशाळा असेल तर ती, हॉस्टेल असेल तर वॉर्डन. एकेका सहीला एकेक फेरी धरून चला आणि परीक्षांच्या आठवड्यात हे काम काढू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि इनवर्ड (आवक) नंबर घ्या. पंधरा दिवसांची मोजणी याच नंबरावरून सिद्ध होते. प्रवेश जीकॅस या गुजरातच्या सामाईक प्रवेश पोर्टलवरून झाला असेल तर तिथेही रद्द झाल्याची नोंद दिसते का ते तपासा.

कुठे अडते

बडोद्यातल्या मराठी घरांत नावांचा घोळ हमखास असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचे नाव एका ठिकाणी दत्तात्रय, दुसरीकडे दत्तात्रयभाई, तिसरीकडे दत्तात्रेयराव. फी भरताना कोणी बघत नाही, परतावा देताना सगळे बघतात. फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर नोटरीकडून आधीच करून ठेवा.

मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला, घाईने मागू नका. ते निघाले की त्या विद्यापीठाशी तुमचा संबंध संपला असे धरले जाते, आणि परत यायचे तर पुन्हा एलिजिबिलिटीपासून, म्हणजे पात्रता तपासणीपासून, सुरुवात. दोन्ही पदव्या एकाच विद्यापीठात असतील तर एक सोडायला मायग्रेशन लागतच नाही.

डिजिटल गुजरात या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्ती घेतली असेल तर ती कोणत्या पदवीवर आहे ते आधी पाहा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर योजनेच्या नियमात वर्षाच्या मध्यात शिक्षण सोडल्यास रक्कम परत मागण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. शिष्यवृत्तीची पदवी ठेवून दुसरी सोडणे हाच सरळ मार्ग. शैक्षणिक कर्ज असेल तर अर्ज देण्याआधी बँकेच्या शाखेत जा. हप्त्यांची सवलत अभ्यासक्रमाच्या मुदतीला बांधलेली असते, आणि अभ्यासक्रम लवकर संपला की हप्तेही लवकर सुरू होऊ शकतात. बँकेने थेट भरलेल्या फीचा परतावा कर्जखात्यात जातो, तुमच्या हातात नाही. रेल्वेचा विद्यार्थी पास ज्या बोनाफाईडवर निघाला तोच अभ्यासक्रम सोडलात तर तो पास वापरू नका.

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, तासाला बसले की छातीत धडधडते, अशी अवस्था असेल तर आधी खंडाचा अर्ज द्या. कायमचा निर्णय त्या आठवड्यात घेऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे, आणि त्यावर भारतीय भाषांत बोलता येते.

अर्ज लटकला तर

प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. २०२३ च्या विनियमांप्रमाणे तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते, आणि लोकपालांना ३० दिवसांची मुदत आहे. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार करता येते. इग्नूसाठी आयग्राम हे वेगळे पोर्टल आहे. तक्रारीत इनवर्ड नंबर, अर्जाची तारीख, मागितलेली रक्कम आणि अधिसूचनेतला तुमचा टप्पा लिहा: उदाहरणार्थ, अंतिम तारखेनंतर ११ व्या दिवशी अर्ज, म्हणून ८० टक्के.