'फीत्स' : एका उपघोड्याचा वाद

सायकलला डचमध्ये 'फीत्स' म्हणतात. शब्द एका अक्षराचा, रोज तोंडात असणारा, आणि तरी शंभराहून जास्त वर्षं बेवारस.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सकडून नेदरलँड्समध्ये ही गाडी आली ती 'व्हेलोसिपेद' हे नाव घेऊन. शुद्ध डच पर्याय निघाला 'रेइव्हील', म्हणजे स्वारीचं चाक. सरकारी कागदांवर तो बसलाही. पण १८८० च्या दशकात पोरांच्या तोंडी 'फीत्स' आला. सुरुवातीला तो उनाड समजला जायचा. पुढे त्यानेच बाजी मारली.

मूळ शोधताना 'व्हेलोसिपेद'च झिजून 'फीत्स' झाला, असं एक मत. पण त्या शब्दातला जोर शेवटी पडतो. मग नेमका शेवट गळून सुरुवात कशी उरली? दुसरी कथा वाखेनिंगन गावातल्या एका गाड्या बनवणाऱ्या कारागिराची. त्याचं आडनावच फीत्स! गोष्ट गोड आहे, म्हणूनच जरा जपून घ्यावी. दक्षिणेकडच्या लिंबुर्ग प्रांताच्या बोलीत 'भरभर जाणे' अशा अर्थाचं एक क्रियापद आहे, तिसरा गट त्याकडे बोट दाखवतो.

२०१२ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या अभ्यासकांनी चौथी वाट काढली आणि वर्तमानपत्रांनी कोडं सुटल्याचं जाहीर करून टाकलं. जर्मनमध्ये 'फीत्से' म्हणजे 'उप', आपल्या उपसरपंचातला. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या त्रियर भागात सफरचंदाच्या दारूला 'फीत्स' म्हणतात. ती 'उप-वाइन', द्राक्षाच्या वाइनची बदली, असं सांगतात. तसाच हा 'उपघोडा', घोड्याऐवजी बसायचं वाहन. मला हे पटायला सोपं जातं. अडचण एवढीच, की सीमेपलीकडच्या जर्मन बोलींतही सायकलला 'फीत्स' म्हणतात, आणि तो शब्द डचांकडूनच तिकडे गेला, असं आजवर मानलं जात होतं. उसनवारी कुणाची कुणाकडे, हाच खरा वाद.

डचांना हे उत्तर थोडं झोंबलंच असणार. १९४२ मध्ये जर्मन सैन्याने त्यांच्या सायकली जप्त केल्या होत्या. 'आधी माझी सायकल परत दे' हा टोमणा पुढे कित्येक वर्षं फुटबॉलच्या मैदानात जर्मनांना ऐकू येत राहिला.

सायकली ठेवायच्या जागेला आजही 'फीत्सनस्टालिंग' म्हणतात, आणि 'स्टाल' म्हणजे तबेला. पुरावा म्हणून याला काडीची किंमत नाही. 'स्टालिंग'मध्ये नंतर मोटारीही बांधल्या गेल्या.